धातू आणि अधातू: रासायनिक गुणधर्मांची तुलना प्रयोगातून कशी करायची

एका रकान्यात धातू, दुसऱ्यात अधातू आणि मधोमध एक उभी रेघ. धातू-अधातूंच्या रासायनिक गुणधर्मांची तुलना बहुतेकांच्या वहीत अशीच असते. तो तक्ता चुकीचा नसतो. पण तांब्याची तार विरल हायड्रोक्लोरिक आम्लात सोडली आणि एकही बुडबुडा आला नाही, की तक्ता गप्प बसतो. ‘धातू आम्लातून हायड्रोजन मुक्त करतात’ हे वाक्य पाठ असलेला विद्यार्थी मग तांब्यावर संशय घेतो, नाहीतर आम्लावर.

म्हणून इथे उलट वाटेने जाऊ. सहा कसोट्या लावू: ऑक्सिजन, पाणी, आम्ल, अल्क (पाण्यात विरघळणारा आम्लारी), दुसऱ्या मूलद्रव्याच्या क्षाराचे द्रावण आणि क्लोरीन. प्रत्येक वेळी काय दिसेल याचा अंदाज आधी लिहायचा, मग प्रयोग करायचा, आणि अंदाज चुकला तर का चुकला ते शोधायचे. अंदाज बांधायला एकच प्रश्न पुरतो: इलेक्ट्रॉन कोण देतो आणि कोण घेतो?

देवघेवीचा हिशेब

सोडिअमच्या अणूत इलेक्ट्रॉनांची मांडणी २, ८, १ अशी असते. क्लोरिनच्या अणूत २, ८, ७. सोडिअमचा तो शेवटचा एकटा इलेक्ट्रॉन काढायला मोलमागे सुमारे ४९६ किलोज्यूल ऊर्जा लागते. क्लोरिनचा एक इलेक्ट्रॉन काढायचा तर १२५१. धातूंच्या बाह्यतम कवचात बहुधा १ ते ३ इलेक्ट्रॉन असतात, अधातूंच्या कवचात बहुधा ४ किंवा जास्त. म्हणून धातू देणारे आणि अधातू घेणारे, ही झाली ढोबळ गोष्ट.

‘सोडिअमला इलेक्ट्रॉन द्यायची हौस असते’ असे शिकवताना सर्रास बोलले जाते. मीही बोलतो. आकडे मात्र वेगळेच सांगतात. ४९६ खर्चून सोडिअमचा इलेक्ट्रॉन काढला आणि क्लोरिनच्या अणूला दिला, तर त्या दुसऱ्या टप्प्यात परत मिळतात फक्त ३४९. मोलमागे १४७ किलोज्यूलचा तोटा! व्यवहार फायद्यात येतो तो नंतर, धन आणि ऋण आयन एकमेकांना खेचून मिठाचा स्फटिक रचतात तेव्हा. त्यात सुमारे ७८७ किलोज्यूल सुटतात. हौस वगैरे काही नाही, हिशेब शेवटी जमतो एवढेच.

हे मुद्दाम सांगतो आहे, कारण पुढचे बहुतेक अपवाद यातूनच सुटतात. कोणतेही मूलद्रव्य मुळातच दाता किंवा मुळातच याचक नसते. समोर कोण आहे त्यावर ते ठरते. गंधक मॅग्नेशिअमसमोर इलेक्ट्रॉन घेते, ऑक्सिजनसमोर मात्र त्याचे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनकडे ओढले जातात.

तयारी

धातूंपैकी मॅग्नेशिअमची फीत, जस्ताचे तुकडे, लोखंडी खिळे, ॲल्युमिनिअमची पट्टी आणि तांब्याची तार घ्या. अधातूंपैकी गंधकाची पूड आणि कोळसा. शिवाय लाल आणि निळा लिटमस (आम्लात निळा लाल होतो, अल्कात लाल निळा), चुन्याची निवळी, मोरचुदाचे (कॉपर सल्फेटचे) द्रावण, विरल हायड्रोक्लोरिक आणि विरल सल्फ्युरिक आम्ल, सोडिअम हायड्रॉक्साइडचे विरल द्रावण. एवढ्यावर बरेच काम होते. सोडिअम, पोटॅशिअम, क्लोरीन, ब्रोमीन आणि संहत नायट्रिक आम्ल यांचे प्रयोग मात्र प्रयोगशाळेत, जाणत्या माणसाच्या हातून आणि फ्यूम हूडखालीच (घातक वायू बाहेर ओढून नेणाऱ्या कपाटातच) व्हायला हवेत. गंधक जाळायचे तेही तिथेच. त्याचा धूर दम्याच्या माणसाला फार त्रासदायक ठरतो.

डोळ्यांवरचा संरक्षक चष्मा शेवटची परीक्षानळी धुऊन होईपर्यंत काढायचा नाही. आम्ल विरल करताना आम्ल पाण्यात ओतायचे, पाणी आम्लात नाही.

तुलना करायची तर बाकी सगळे सारखे हवे. तुकड्यांचा आकार, आम्लाची तीव्रता, तापमान. लोखंडाचा कीस आणि जस्ताचा जाड तुकडा शेजारी ठेवले तर कीस पुढे गेल्यासारखा दिसू शकतो, आणि तुम्ही लोखंडाला जस्तापेक्षा क्रियाशील ठरवून मोकळे व्हाल.

प्रत्येक धातू पॉलिश पेपरने घासून घ्या. ही पायरी लोक गाळतात. मीही एकदा गाळली होती. ॲल्युमिनिअमची पट्टी न घासता आम्लात टाकली, दोन-तीन मिनिटे काहीच झाले नाही, म्हणून वहीत ‘अभिक्रिया नाही’ असे लिहून टाकले आणि पुढच्या नळीकडे वळलो. थोड्या वेळाने मागे पाहिले तर नळी तापलेली, फेस काठावरून उतून खाली आलेला आणि वहीचे पान ओले. ॲल्युमिनिअमवर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर असतो. आम्ल आधी तो विरघळवते, मग खऱ्या धातूपर्यंत पोहोचते. आणि एकदा पोहोचले की अभिक्रियेतून निघणारी उष्णता तिला आणखी वेग देते. तेव्हापासून ‘अभिक्रिया नाही’ लिहिण्याआधी मी दहा मिनिटे थांबतो आणि नळी कधीही एक तृतीयांशापेक्षा जास्त भरत नाही.

पहिली कसोटी: ऑक्सिजन

सहा कसोट्यांतली ही सर्वांत श्रीमंत, म्हणून इथे वेळ द्या.

मॅग्नेशिअमची ३-४ सेंटिमीटर फीत चिमट्यात धरून ज्योतीत न्या. पेटली की थेट तिच्याकडे पाहू नका, तो प्रकाश डोळ्यांना इजा करतो. खाली काचेची तबकडी धरून पांढरी राख गोळा करा, त्यावर ऊर्ध्वपातित पाण्याचे दोन-चार थेंब टाका आणि लाल लिटमस टेकवा. रंग झटकन बदलत नाही. मॅग्नेशिअम ऑक्साइड पाण्यात जेमतेम विरघळते, त्यामुळे निळी छटा सावकाश चढते.

मॅग्नेशिअम + ऑक्सिजन → मॅग्नेशिअम ऑक्साइड
मॅग्नेशिअम ऑक्साइड + पाणी → मॅग्नेशिअम हायड्रॉक्साइड

राख ओली केल्यावर कधीकधी अमोनियाचा हलका वास येतो. तो भास नव्हे. मॅग्नेशिअम इतके क्रियाशील आहे की जळताना ते हवेतल्या नायट्रोजनलाही थोडे धरते आणि मॅग्नेशिअम नायट्राइड बनते. त्यावर पाणी पडले की अमोनिया सुटतो. ज्या नायट्रोजनला आपण निष्क्रिय म्हणून सोडून देतो, तोही योग्य दाता समोर आला की इलेक्ट्रॉन घेतो.

आता गंधक. लांब दांड्याच्या चमच्यात चिमूटभर पूड पेटवा आणि चमचा वायुपात्रात उतरवा. ज्योत निळी असते, उजेडात ती जवळजवळ दिसत नाही. ज्योत विझली की चमचा काढा, थोडे पाणी घालून झाकण लावा आणि हलवा. त्या पाण्यात निळा लिटमस लाल होतो. कोरडा लिटमस कोरड्या वायूत धरून पाहिला तर काही होत नाही. आम्लधर्म दिसायला पाणी लागते, हे लक्षात येण्यासाठी तोही प्रयोग करावा.

गंधक + ऑक्सिजन → सल्फर डायऑक्साइड
सल्फर डायऑक्साइड + पाणी → सल्फ्युरस आम्ल

कोळसा जाळून तो वायू चुन्याच्या निवळीत सोडला की निवळी दुधी होते. कार्बन डायऑक्साइडही आम्लधर्मीच.

मग नियम असा बनतो: धातूंची ऑक्साइडे आम्लारीधर्मी, अधातूंची आम्लधर्मी. यामागचे कारण त्या देवघेवीतच आहे. मॅग्नेशिअमने आपले दोन इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देऊन टाकले, म्हणून ऑक्साइडमध्ये ऑक्सिजन ऋण आयन होऊन बसलेला असतो. तो पाण्याकडून हायड्रोजनचा आयन ओढून घेतो आणि हायड्रॉक्साइड तयार होते. सल्फर डायऑक्साइडमध्ये कोणी काही देऊन टाकलेले नसते, इलेक्ट्रॉन सामायिक असतात. तिथे पाण्याचा रेणू गंधकाला जोडला जातो आणि हायड्रोजनचा आयन बाहेर सोडतो. तो बाहेर पडला की द्रावण आम्ल.

अठराव्या शतकात फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएने गंधक, फॉस्फरस आणि कार्बन यांची ज्वलने पाहिली आणि ऑक्सिजनच आम्ल घडवतो असा निष्कर्ष काढला. ‘ऑक्सिजन’ या नावाचा अर्थही आम्ल निर्माण करणारा असाच आहे. १८१० मध्ये इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने क्लोरीन हे मूलद्रव्य असल्याचे दाखवले. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजनचा अंशही नाही हे त्यातून उघड झाले. नाव मात्र तेच राहिले.

इथे हमखास होणारी एक चूक. तांब्याची तार तापवली की ती जळत नाही, पण तिच्यावर कॉपर ऑक्साइडचा काळा थर चढतो. ते खरवडून पाण्यात टाकले तर लिटमस बदलत नाही, आणि मुले ‘उदासीन’ असे लिहितात. कॉपर ऑक्साइड पाण्यात विरघळतच नाही, मग लिटमसला कळणार कसे? कोमट विरल सल्फ्युरिक आम्लात टाकून पाहा: काळी पूड नाहीशी होते आणि द्रावण निळे होते. आम्लाशी अभिक्रिया होऊन क्षार आणि पाणी मिळाले, म्हणजे ऑक्साइड आम्लारीधर्मी. लिटमस हा फक्त जवळचा रस्ता आहे. ऑक्साइडची खरी ओळख त्याने आम्लाशी अभिक्रिया केली की अल्काशी यावरून होते.

या खऱ्या कसोटीने पाहिले की अपवाद नीट जागेवर बसतात. ॲल्युमिनिअम आणि जस्त यांची ऑक्साइडे आम्लाशीही अभिक्रिया करतात आणि अल्काशीही, म्हणून ती उभयधर्मी. कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रस ऑक्साइड यांसारखी अधातूंची काही ऑक्साइडे उदासीन. आणि मला सर्वांत बोलके वाटणारे उदाहरण क्रोमिअमचे. त्याची तीन ऑक्साइडे घ्या. दोन संयुजेचे आम्लारीधर्मी, तीन संयुजेचे उभयधर्मी, सहा संयुजेचे चक्क आम्लधर्मी. धातू तोच आहे. पण सहा इलेक्ट्रॉन पूर्णपणे सोडून देणे परवडत नाही, तो ते सामायिक करतो आणि अधातूसारखा वागू लागतो.

सोने-चांदी हवेत तापवली तरी जळत नाहीत. चांदी काळवंडते ती ऑक्सिजनने नव्हे, हवेतल्या गंधकाच्या संयुगांमुळे. तो काळा थर सिल्व्हर सल्फाइडचा.

दुसरी कसोटी: पाणी

इथे धातूंमधला आपापसातला फरक डोळ्यांनी दिसतो. सोडिअमचा मुगाच्या दाण्याएवढा तुकडा रॉकेलमधून काढून टिपकागदावर टिपून मोठ्या पसरट भांड्यातल्या पाण्यावर सोडला, की तो वितळून चकचकीत गोळी होतो आणि पाण्यावर सैरावैरा पळतो. सोडिअम ९८ अंश सेल्सिअसच्या जरा खालीच वितळते, आणि अभिक्रियेची उष्णता त्याला पुरते. पाण्यात आधीच फिनॉल्फथॅलीन (अल्कात गुलाबी होणारा दर्शक) घातले असेल तर गोळीच्या मागे गुलाबी रेघ उमटत जाते. पोटॅशिअम याहून तापट; त्याच्यापाशी हायड्रोजन लगेच पेट घेतो आणि ज्योत जांभळट दिसते. सोडिअमला आग लागली तर पाणी मारायचे नाही, कोरडी वाळू टाकायची.

कॅल्शिअमचा तुकडा आधी तळाशी जातो, मग हायड्रोजनचे बुडबुडे त्याला चिकटले की वर येतो. मॅग्नेशिअम थंड पाण्यात जवळजवळ निवांत असते, गरम पाण्यात बुडबुडे धरते. ॲल्युमिनिअम, जस्त आणि लोखंड यांना वाफ लागते. लाल तापलेल्या लोखंडावरून वाफ गेली की काळे लोह ऑक्साइड आणि हायड्रोजन मिळतात. तांबे, चांदी, सोने वाफेलाही दाद देत नाहीत.

अधातूंचे काय? गंधक, कोळसा, फॉस्फरस पाण्यात तसेच पडून राहतात. पांढरा फॉस्फरस तर पाण्यातच साठवतात, कारण हवेत तो ३० अंशांच्या आसपास आपोआप पेटू शकतो. एकच पाणी: सोडिअमला ते पेटवते आणि फॉस्फरसला वाचवते. सोडिअम पाण्यातल्या हायड्रोजनला इलेक्ट्रॉन देते; फॉस्फरस असे इलेक्ट्रॉन द्यायला तयार नसतो.

पण ‘अधातू पाण्याशी अभिक्रिया करत नाहीत’ असे सरसकट लिहू नका. फ्लुओरीन इतका हावरा आहे की तो पाण्यातल्या ऑक्सिजनचेच इलेक्ट्रॉन काढून घेतो: हायड्रोजन फ्लुओराइड बनते आणि ऑक्सिजन सुटतो. क्लोरीन पाण्यात विरघळून हायड्रोक्लोरिक आणि हायपोक्लोरस आम्ल बनवतो. फरक कुठे, तर धातूच्या अभिक्रियेतून हायड्रोजन बाहेर पडतो आणि अल्क मागे राहते. फ्लुओरीन आणि क्लोरीन या दोन हॅलोजनांच्या (एकाच गणातल्या अधातूंच्या) बाबतीत आम्ल मागे राहते.

तिसरी कसोटी: आम्ल

पाच नळ्यांत सारखे विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घ्या आणि घासलेले पाच धातू एकेक करून सोडा. मॅग्नेशिअम उसळते आणि नळी हाताला गरम लागते. ॲल्युमिनिअम उशिरा सुरू होते, मग जोर धरते. जस्तातून बुडबुड्यांची सलग धार येते, खिळ्यावर ते विरळ आणि सावकाश दिसतात. तांब्यावर काही नाही. वायू हायड्रोजनच आहे हे पाहायला नळीच्या तोंडाशी जळती काडी न्या. ‘फट्’ असा आवाज होतो. सहाव्या आणि सातव्या नळीत गंधक आणि कोळसा टाका. तिथेही काही नाही.

म्हणजे तांबे आणि गंधक, धातू आणि अधातू, दोघांची नोंद सारखीच आली! या एका कसोटीवर विसंबणारा इथे फसतो. तांबे शांत राहते कारण हायड्रोजनच्या आयनाला इलेक्ट्रॉन देणे त्याला परवडत नाही. क्रियाशीलतेच्या श्रेणीत (ती पाचव्या कसोटीत तयार होईल) ते हायड्रोजनच्या खाली आहे. गंधक शांत राहते कारण तेही त्या आयनाला इलेक्ट्रॉन देत नाही, त्याचा कल घेण्याकडे. शांततेची कारणे वेगळी आहेत, आणि ती वेगळी करायला दुसरे आम्ल लागते.

ते आम्ल म्हणजे नायट्रिक. संहत नायट्रिक आम्लात तांबे टाकले की तपकिरी धूर उठतो, द्रावण हिरवट-निळे होते. धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा आहे, हायड्रोजनचा नाही. नायट्रिक आम्ल स्वतःच तीव्र ऑक्सिडीकारक, म्हणजे इलेक्ट्रॉन काढून घेणारे असल्याने हायड्रोजन सुटण्याची वेळच येत नाही (अतिविरल नायट्रिक आम्लातून हायड्रोजन देणारे धातू मॅग्नेशिअम आणि मँगनीज). गरम संहत नायट्रिक आम्ल गंधक आणि कार्बन यांनाही सोडत नाही. मग फरक उरतो कुठे? मागे काय राहिले त्यात. तांब्याचे नायट्रेट बनले, म्हणजे धातू धन आयन होऊन आम्लाच्या क्षारात गेला. गंधकाचे सल्फ्युरिक आम्ल बनले, कार्बनचा कार्बन डायऑक्साइड. धातू क्षार मागे ठेवतो. अधातू स्वतःचे आम्ल किंवा आम्लधर्मी ऑक्साइड मागे ठेवतो. माझ्या मते आम्लांच्या कसोटीतले हे सर्वांत उपयोगी निरीक्षण आहे आणि तक्त्यात ते सहसा नसते.

लोखंड संहत नायट्रिक आम्लात बघताबघता गप्प होते, कारण पृष्ठभागावर ऑक्साइडचा घट्ट थर बसतो. ॲल्युमिनिअमचेही तेच.

सोने एकट्या नायट्रिक किंवा एकट्या हायड्रोक्लोरिक आम्लाला जुमानत नाही. दोन्ही मिसळून केलेल्या आम्लराजात (संहत हायड्रोक्लोरिक तीन भाग, संहत नायट्रिक एक भाग) ते विरघळते: नायट्रिक आम्ल इलेक्ट्रॉन काढते आणि क्लोराइड आयन सोन्याच्या आयनाला लगेच बांधून ठेवतात. १९४० च्या एप्रिलमध्ये जर्मन सैन्य कोपनहेगनमध्ये शिरले तेव्हा भौतिकशास्त्रज्ञ नील्स बोरच्या तिथल्या संस्थेत रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज द हेवेशीने माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक या भौतिकशास्त्रज्ञांची सोन्याची नोबेल पदके सैनिकांच्या हाती पडू नयेत म्हणून अशीच आम्लराजात विरघळवली. द्रावणाची बाटली फळीवर इतर रसायनांत उभी राहिली, सैनिकांच्या लक्षातही आली नाही. युद्धानंतर त्यातले सोने परत काढून पदके पुन्हा घडवली गेली. आम्लराज तुम्ही मात्र बनवायला जाऊ नका.

चौथी कसोटी: अल्क

ही छोटी आहे. कोमट सोडिअम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात ॲल्युमिनिअम आणि जस्त हायड्रोजन सोडतात; सोडिअम ॲल्युमिनेट आणि सोडिअम झिंकेट बनतात. लोखंड, तांबे, मॅग्नेशिअम यांना काही होत नाही. ज्यांचे ऑक्साइड उभयधर्मी निघाले होते तेच धातू इथे हलले, हे पहिल्या कसोटीच्या पानाशी ताडून पाहा. अधातूंपैकी क्लोरीन थंड विरल अल्काशी सोडिअम क्लोराइड आणि सोडिअम हायपोक्लोराइट देतो.

पाचवी कसोटी: विस्थापन

मोरचुदाच्या द्रावणात घासलेला खिळा अर्धा तास ठेवा. खिळ्यावर तांबूस थर बसतो, निळा रंग फिका होत हिरवटपणाकडे झुकतो. लोखंडाने तांब्याच्या आयनाला इलेक्ट्रॉन दिले आणि स्वतः द्रावणात गेले. उलट करून पाहा: लोह सल्फेटच्या द्रावणात तांब्याची तार. काहीच नाही. अशा जोड्या लावत गेले की श्रेणी आपोआप तयार होते: पोटॅशिअम, सोडिअम, कॅल्शिअम, मॅग्नेशिअम, ॲल्युमिनिअम, जस्त, लोखंड, कथील, शिसे, मग हायड्रोजन, मग तांबे, पारा, चांदी, सोने. वरचा धातू खालच्याला द्रावणातून बाहेर काढतो. एक काळजी घ्या: सोडिअम, पोटॅशिअम मोरचुदाच्या द्रावणात टाकायचे नाहीत. ते आधी पाण्याशीच भांडतात, विस्थापन दिसत नाही आणि धोका मात्र पुरेपूर.

अधातूंतही विस्थापन होते, फक्त दिशा उलटी. पोटॅशिअम ब्रोमाइडच्या रंगहीन द्रावणात क्लोरिनचे पाणी घातले की द्रावण पिवळसर-नारिंगी होते; ब्रोमीन सुटला. पोटॅशिअम आयोडाइडमध्ये ब्रोमिनचे पाणी घातले की तपकिरी रंग येतो, आयोडीन सुटला. इथे जिंकतो तो जास्त जोराने घेणारा.

आवर्त सारणीत सोडिअमसारख्या धातूंच्या गणात (उभ्या रांगेत) खाली जाताना क्रियाशीलता वाढते: सोडिअमपेक्षा पोटॅशिअम तापट. हॅलोजनांच्या गणात खाली जाताना ती घटते: क्लोरिनपेक्षा आयोडीन सौम्य. कारण एकच. खाली जाताना अणू मोठा होतो आणि बाहेरच्या इलेक्ट्रॉनवरची केंद्रकाची पकड सैल होते. सैल पकड देणाऱ्याच्या सोयीची, घेणाऱ्याच्या गैरसोयीची.

सहावी कसोटी: क्लोरीन, आणि जाता जाता हायड्रोजन

क्लोराइडे तयार करायची गरज नाही, त्यांचे वागणे पाहिले तरी पुरे. सोडिअम क्लोराइड ८०१ अंशांना वितळते, वितळल्यावर आणि पाण्यात विरघळल्यावर वीज वाहून नेते. कार्बन टेट्राक्लोराइड हा द्रव आहे, ७७ अंशांच्या आसपास उकळतो, वीज वाहत नाही. फॉस्फरस ट्रायक्लोराइड पाण्यात पडले की धुमसत दोन आम्ले देते, फॉस्फरस आम्ल आणि हायड्रोक्लोरिक आम्ल. धातूचे क्लोराइड बहुधा आयनिक, अधातूचे सहसंयुज, म्हणजे इलेक्ट्रॉन सामायिक करून बनलेले. ‘बहुधा’ यासाठी की कोरडे ॲल्युमिनिअम क्लोराइड १८० अंशांच्या सुमारास थेट वाफ होते. ते धातूच्या रकान्यात असूनही वागते सहसंयुज.

हायड्रोजन अधातू, पण आम्लात तो धन आयन म्हणून वावरतो. सोडिअमसमोर मात्र तोच इलेक्ट्रॉन घेऊन ऋण आयन होतो आणि सोडिअम हायड्राइड बनते. उलट बाजूला सोने पाहा. धातूंतले अगदी निष्क्रिय, पण सीझिअमसमोर ते इलेक्ट्रॉन घेते. सीझिअम ऑराइड या संयुगात सोन्याचा ऋण आयन असतो.

वही कशी लिहायची

निरीक्षण आणि निष्कर्ष एका वाक्यात मिसळू नका. ‘हायड्रोजन आला’ हा निष्कर्ष आहे. ‘रंगहीन बुडबुडे, जळती काडी नेल्यावर फट् आवाज’ हे निरीक्षण. ‘अभिक्रिया नाही’ असे लिहिताना किती वेळ वाट पाहिली आणि तापवले की नाही तेही लिहा. आणि ऑक्साइडसाठी लिटमसचा रकाना वेगळा, आम्ल-अल्काशी अभिक्रियेचा वेगळा.

तीन करडे तुकडे

सगळे समजले की नाही हे पाहायला स्वतःलाच एक कोडे घाला. तीन करडे, चमकदार तुकडे: जस्त, ग्रॅफाइट आणि सिलिकॉन. कोणता कोणता हे माहीत नाही असे समजा. चमक तिघांना आहे. वीज जस्तातूनही वाहते आणि ग्रॅफाइटमधूनही. भौतिक गुणधर्म इथे हात टेकतात.

विरल हायड्रोक्लोरिक आम्लात एकातून बुडबुडे आले. ते जस्त. उरलेले दोन शांत, पण तांब्याचा अनुभव जमेस धरून त्यांना लगेच अधातू म्हणायचे नाही. दोन्हींची थोडी पूड ऑक्सिजनच्या झोतात खूप तापवा आणि निघणारा वायू निवळीत सोडा. एकीने निवळी दुधी केली, ग्रॅफाइट सापडले. तिसऱ्याची पूड गरम सोडिअम हायड्रॉक्साइडमध्ये टाका. बुडबुडे येतात, काडीला फट् आवाज होतो. हायड्रोजन! म्हणजे धातू? पण आम्लात तर हा हलला नव्हता, आणि ॲल्युमिनिअम-जस्त दोन्हींकडे हलतात. त्याचे ऑक्साइड म्हणजे वाळूतला मुख्य घटक: पाण्यात विरघळत नाही, लिटमसला दाद देत नाही, नेहमीच्या आम्लांत तसेच राहते, पण तप्त अल्काशी सिलिकेट बनवते. म्हणजे ऑक्साइड आम्लधर्मी. त्याच्या नावापुढे डावा की उजवा रकाना असा हट्ट न धरता ‘धातुसदृश’ लिहा आणि शेजारी तिन्ही निरीक्षणे: आम्लात शांत, अल्कात हायड्रोजन, ऑक्साइड आम्लधर्मी.